तीनच्या कप्प्यातला पंधरा

माईंच्या मोठ्या मुलीने चाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून माईंना उभं केलं होतं. टेबलामागच्या माणसाने पेन पुढे केलं. माईंनी नुसती मान हलवली, तसा त्याने सवयीने शाईचा पॅड सरकवला. मग जेवणं झाली, फोटो झाले. त्या सगळ्या फोटोंत माईंच्या डाव्या हाताची मूठ आवळलेली आहे, निळा अंगठा आत दडवून. नवा जावई अजून ते फोटो काढून म्हणतो, "सासूबाई पहिल्या दिवसापासून माझ्यावर चिडलेल्या."

लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच तात्यांना, म्हणजे माईंच्या नवऱ्याला, झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पंचेचाळीस वर्षं दुकानात बसून ज्या माणसाने अॅम्प्लिफायर, रेडिओ, भोंगे, जे जे आवाज करतं ते सगळं दुरुस्त केलं आणि तितकीच वर्षं गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, त्याच्याजवळ एकच शब्द उरला. "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, डॉक्टरांनी नाव विचारलं तरी बरं. सुरुवातीला घरातले रडले. मग हळूहळू त्यातले प्रकार कळायला लागले. लांबवलेलं बरं म्हणजे नको. तुटक बरं म्हणजे आण लवकर. आणि डोळे मिटून, खालच्या आवाजात म्हटलेलं म्हणजे खरोखरीच बरं.

दुकान सुनेने धरलं. मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर कामाला, आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. त्याला साधा प्लग बसवायचा तरी तो बायकोला फोन करायचा. सून मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्याच्या शेजारी बसून शिकली होती. "पोरगं माझं, पण हात हिच्याकडे गेला," असं तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आता सकाळी दहाला तात्यांना वृद्धांच्या दिवस-केंद्रात सोडायचं आणि दुपारी चारला आणायचं. मधले सहा तास माईंना घर खायला उठायचं. दोनदा पुसलेली फरशी तिसऱ्यांदा पुसताना सुनेने त्यांना एकदा पाहिलं आणि म्हणाली, "आई, चला दुकानात. स्टूल रिकामंच आहे."

तात्यांचंच स्टूल. चौथा पाय जरा आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. माई त्यावर बसल्या आणि आठ दिवसांत त्यांना दुकान कळायला लागलं. ब्रशने यंत्रातली धूळ काढायची, स्क्रू बाटलीच्या झाकणांत वेगवेगळे ठेवायचे, डाख द्यायच्या तापलेल्या कावियाला वायर लागू द्यायची नाही. आणि सून मागेल ती वस्तू हातात द्यायची. वाचता येत नसलं तरी त्यांचं अडत नव्हतं, कारण त्यांना जागा पाठ होत्या. फ्यूजचा एक पत्र्याचा डबा होता, आत तात्यांनी पत्र्याच्याच पट्ट्या लावून चोवीस कप्पे केलेले. "आई, तीनचा संथ द्या," म्हटलं की माईंचा हात दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथ्या कप्प्यावर जायचा. "एकचा तापट," की पहिली ओळ, शेवटून दुसरा. संथ म्हणजे क्षणभराचा धक्का सोसून मग जळणारा, तापट म्हणजे लागलीच जळणारा. हे शब्द तात्यांचे. आणि एक, तीन हे आकडे म्हणजे नळी किती वीज सोसेल ते; आकडा मोठा तितकी उशिरा जळणार. मोठ्या यंत्राला चालू होताना एकदम घोटभर वीज लागते, म्हणून तिथे संथ लावायचा.

"तुमचा हात चुकत नाही हो," सून एकदा म्हणाली. माई दिवसभर ते वाक्य मनात घोळवत राहिल्या. पासष्टाव्या वर्षी कुणी हाताचं कौतुक केलं होतं.

आणि मग एका रविवारी तो डबा पडला.

दुकान बंद होतं, सून भाजीला गेली होती, माई एकट्याच फडताळ पुसत होत्या. कोपर लागलं. डबा खाली आला तो उलटाच. दोनशे-अडीचशे काचेच्या बारीक नळ्या फरशीभर घरंगळल्या, काही पार दारापर्यंत. चार-पाच फुटल्या. खाली बसून माईंनी एकेक नळी गोळा केली आणि उजेडासमोर धरली. आत तार दिसत होती. कुठे केसासारखी, कुठे जाड, कुठे मळसूत्रासारखी पिळलेली. प्रत्येक नळीच्या टोपणावर बारीक अक्षरं कोरलेली असतात, आकडा असतो, पण ते माईंना मुंग्यांच्या रांगेसारखं. मग त्यांनी आपली अक्कल चालवली. बारीक तार वरच्या कप्प्यांत, जाड खालच्या, पिळाची मधल्या. तास-दीड तास लागला. शेवटी डबा होता तसा दिसायला लागला आणि माईंना स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

सुनेला मात्र त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने एवढंच विचारलं असतं, की तुम्ही वाचल्याशिवाय लावलेत कसे? आणि मग ते स्टूल राहिलं असतं का? फरशी तिसऱ्यांदा पुसण्याचे दिवस माईंना परत नको होते.

सोमवारी सकाळी दिवस-केंद्राचा व्यवस्थापक आला. याला सगळे घड्याळसाहेब म्हणायचे, कारण बोलताना त्याची नजर सतत मनगटावर. त्याच्यामागे हमालाने केंद्राचा अॅम्प्लिफायर आणून टेबलावर ठेवला. त्यावरच तिथला सकाळचा व्यायाम चालायचा, गाणी लावून.

"ताई, लाल दिवा जात नाही. प्रोटेक्शन की काय म्हणतात ते. बंद करून चालू केलं, थापट्या मारल्या, काही नाही. उद्या सकाळी दहाला मला व्यायाम सुरू करायचाय. म्हाताऱ्यांना हात हलवायचे असतात हो."

"स्पीकर काढून पाहिलंत?" सुनेने विचारलं.

"ते कशाला?"

"स्पीकर काढल्यावर लाल दिवा गेला, तर दोष स्पीकरात नाहीतर वायरीत. नाही गेला, तर यंत्राच्या पोटात." बोलता बोलता तिने मागचं फ्यूजचं टोपण फिरवलं, आतली नळी बाहेर काढली आणि थांबली. नळीभोवती चांदीसारखा चकचकीत कागद गुंडाळलेला होता. तिने तो चिमटीने सोडवला. गोळ्यांच्या पाकिटाचा वर्ख. त्यावर औषधाचं अर्धं नावही दिसत होतं.

"हे काय, रक्तदाबाची गोळी दिलीत याला?"

घड्याळसाहेब ओशाळला. "फ्यूज तीनदा उडाला. चौथा मिळेना. एकाने सांगितलं, वर्ख गुंडाळा, तात्पुरता."

"तात्पुरता!" सुनेने तो वर्ख त्याच्या नाकासमोर धरला. "साहेब, फ्यूज उडतो तो तुम्हाला त्रास द्यायला नाही. आत काहीतरी बिघडलंय हे तो स्वतः जळून सांगतो. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत. लाल दिवा असतो तो स्पीकर वाचवायला. घर वाचवायला हा. याच्या जागी जाड काही घातलंत, की आतला ट्रान्सफॉर्मर भाजत राहतो आणि कुणाला कळत नाही. तुमच्या हॉलमध्ये चाळीस माणसं बसतात, निम्म्यांना धावता येत नाही. माझे सासरे तिथे असतात."

"चुकलं ताई."

"परत असं केलंत तर दुरुस्त करून देणार नाही."

माई स्टुलावर बसून ऐकत होत्या. सून कशी खणखणीत बोलली, याचं त्यांना कौतुक वाटलं. काल गोळा केलेल्या नळ्यांचा विचार एकदा मनात डोकावला आणि त्यांनी तो परतवून लावला.

सुनेने दिवसभर त्या यंत्रावर काम केलं. आधी दुकानाचा तपासणीचा फ्यूज लावला. त्याला लाल दोरा बांधलेला असतो, म्हणजे तो कुणाच्या यंत्रात चुकून राहू नये. मग यंत्र सरळ विजेला न जोडता मधे बल्ब जोडला. लाकडी पाटीवरचा हा शंभर वॅटचा बल्ब तात्यांच्या लग्नाआधीपासूनचा. काच कितीदा बदलली, पाटी तीच. यंत्र धड असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. हा उजळला तो उजळच राहिला. "पोटातच आहे," सून म्हणाली. डावीकडचे दोन मोठे ट्रान्झिस्टर गेले होते, त्यांच्याजवळचे रेझिस्टर जळून काळे. तिने ते बदलले, नवा अभ्रक लावला, उष्णता वाहून नेणारं पांढरं मलम लावलं. परत बल्ब. उजळला, मंद झाला. पाच श्वासांनंतर आत टक् असा आवाज आला आणि लाल दिवा जाऊन हिरवा लागला. माईंना त्या टक्चं फार सुख वाटायचं. दाराची कडी आतून कुणीतरी काढावी तसं.

मंगळवारी सकाळी नवालाच घड्याळसाहेब काउंटरवर हजर. "ताई, दहाला व्यायाम."

"झालंच. एक फ्यूज घालायचा." सुनेने लाल दोऱ्याचा काढून बाजूला ठेवला. "आई, तीनचा संथ."

माईंचा हात दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथ्या कप्प्यावर गेला. त्यांनी नळी सुनेच्या तळहातावर ठेवली. घड्याळसाहेब म्हणत होता, पावणेदहाला म्हातारे यायला लागतात, आणि टेम्पोवाला बाहेर भोंगा वाजवत होता. सुनेने नळी आत सरकवली, टोपण फिरवलं. बल्ब परत लावून पाहिला. उजळला, मंद झाला, टक्. यंत्र टेम्पोत चढलं. बल्ब यंत्राची तब्येत सांगतो. फ्यूज चुकीचा आहे हे तो सांगत नाही.

बुधवारी तात्यांना केंद्रात सोडून दोघी दुकानात आल्या. अकराच्या सुमारास एका शाळेचं यंत्र सुनेने उघडलं. त्यालाही तीनचा संथच लागत होता. माईंनी काढून दिला. आज घाई नव्हती, भोंगा नव्हता. सुनेने नळी भिंगाखाली धरली, परत धरली.

"अगंबाई, हा पंधराचा आहे. तीनच्या कप्प्यात पंधरा कसा आला?" तिने कप्प्यातल्या आणखी दोन नळ्या पाहिल्या. "हाही पंधरा. हा दहा. पेटीतूनच चुकीचे आले असणार. दुकानदाराला फोन केला पाहिजे."

माईंनी डब्याकडे पाहिलं. काल दिलेली नळी. तीही त्याच कप्प्यातली. ती आता केंद्राच्या हॉलमध्ये, त्या यंत्राच्या पाठीत बसलेली होती. सूनच परवा म्हणाली होती, जाड काही घातलंत तर ट्रान्सफॉर्मर भाजत राहतो. ते यंत्र असतं एका लाकडी कपाटात, कपाटावर धुवायच्या पडद्यांचा ढीग, आणि कपाटाला टेकून तात्यांची खुर्ची. तात्या हट्टाने तिथेच बसायचे. बोलता येत नसलं तरी यंत्राजवळ बसायला कुणाची हरकत होती?

गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. दोष दुकानदाराच्या पेटीवर जातच होता. आज संध्याकाळी कसलं तरी निमित्त काढून सुनेला केंद्रात पाठवलं असतं, तरी फ्यूज बदलता आला असता. पण संध्याकाळ यायला सहा तास होते.

"पेटीचा दोष नाही," माई म्हणाल्या. "रविवारी माझ्या हातून डबा पडला. मीच भरला परत. तारा बघून भरला. तुला सांगितलं नाही. आणि काल त्याच कप्प्यातला मी तुला केंद्रासाठी दिला."

सुनेने मान वर केली. आधी फोन लावला. केंद्रात घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. परत लावला. नाही. मग तिने बल्बाची पाटी काढून माईंच्या हातात दिली, मीटर आणि भिंग पिशवीत टाकलं, दोन फ्यूज नीट वाचून खिशात घातले, स्कूटरची किल्ली घेतली. "बसा. घट्ट धरा."

सात मिनिटांचा रस्ता. मांडीवर बल्ब, एका हाताने सुनेचा खांदा. माई आयुष्यात इतक्या वेगाने कधी गेल्या नव्हत्या आणि इतकं सावकाश गेल्यासारखंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. वळणावर त्या फक्त म्हणाल्या, "अगं, जरा जोरात."

केंद्राच्या दारातच वास आला. भाजलेल्या रोगणाचा, कडवट, घशाला लागणारा. आत व्यायाम थांबला होता. म्हातारी माणसं खुर्च्या वळवून एका कोपऱ्याकडे पाहत बसली होती, नाटकाला बसल्यासारखी. कोपऱ्यात घड्याळसाहेब कमरेवर हात ठेवून उभा, घामाघूम. आणि त्याच्यासमोर खुर्चीत तात्या, ताठ.

"आजोबा, उठा बघू. उठा. मी किती वेळा सांगू?"

"बरं!" तात्या ओरडले आणि जागचे हलले नाहीत.

घड्याळसाहेबाने सुनेला पाहिलं. "बरं झालं आलात! ताई, तुमच्या सासऱ्यांना सांगा काहीतरी. सकाळपासून परत लाल दिवा यायला लागला. मी बंद करून चालू करतोय, जरा घुरघुरतं, पण लागतंय. तर हे काठीच्या मुठीने वायर ओढून प्लगच काढतात. मी लावला, यांनी काढला. परत लावला, परत काढला. तिसऱ्यांदा काढला आणि आता त्याच्यावर बसलेत!"

खरंच. काळी वायर खुर्चीच्या बैठकीवर चढून तात्यांच्या मांडीखाली गेली होती. डाव्या हातात काठी, तलवारीसारखी आडवी. डोळे लाल. माईंना पाहिल्याबरोबर ते म्हणाले, "बरं. बरं. बरं." त्या तीन शब्दांत काय काय होतं ते चाळिसांवर वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागलं नाही. तात्यांनी वास ओळखला होता. घुरघुर ओळखली होती. शेजारी चाळीस माणसं गाण्याची वाट बघत असताना हे एका माणसाला कळलं होतं आणि त्याला सांगता येत नव्हतं. म्हणून तो प्लगवर बसला होता.

सुनेने आधी कपाटावरचे पडदे उचलून लांब टाकले. मग यंत्राच्या झाकणावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. "बाबा, बसून राहा," ती म्हणाली. "अजिबात उठू नका."

"बरं," तात्या म्हणाले.

झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मरवरचा कागद तपकिरी झाला होता, एका बाजूने काळा. सुनेने मीटर लावला, इथे टेकवला, तिथे टेकवला. "ब्रिज गेलाय. विजेची दिशा सरळ करणारा असतो तो. त्या वर्खाच्या दिवसांत भाजला असणार, आज पुरता मेला." मग तिने मागचं टोपण फिरवून फ्यूज काढला, भिंगाखाली धरला. नळी धडधाकट. तार शाबूत, चकचकीत. जो आज सकाळीच जळायला हवा होता, तो काही झालंच नाही असा स्वच्छ.

"पंधराचा," ती म्हणाली. घड्याळसाहेबाकडे वळून तिने तो त्याच्या हातावर ठेवला. "तीनचा असता तर पहिल्या झटक्यालाच उडाला असता. चूक आमची आहे. दुकानाची."

"माझी," माई म्हणाल्या. "तिची नाही."

घड्याळसाहेबाने नळीकडे पाहिलं. "परवा मला त्या गोळीवरून काय काय बोललात, ताई."

"बोलले. आता तुम्ही बोला."

तो काहीतरी बोलणार होता. चेहऱ्यावर आलंही होतं. पण त्याची नजर तात्यांकडे गेली. काठी आडवी धरून, मांडीखाली प्लग दाबून बसलेला तो अर्धा माणूस. घड्याळसाहेबाने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच मनगटाकडे न पाहता विचारलं, "आजोबा, चहा घेणार?"

"बरं," तात्या म्हणाले. तुटक. म्हणजे लवकर.

मागच्या रांगेतली एक आजीबाई म्हणाली, "आम्हालाही आण रे. आज व्यायाम नाही ना, मग चहाच," आणि सगळे हसले. माईंचा जीव भांड्यात पडला तो तेव्हा. त्या तात्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या, त्यांचा निकामी उजवा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "तुम्ही होतात म्हणून," एवढंच त्या म्हणाल्या. एरवी नवऱ्याचे आभार मानायची त्यांना सवय नव्हती.

त्या दिवशी चार वाजता तिघं दुकानात आली. सुनेने यंत्र टेबलावर ठेवलं, दार लोटलं. माई स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या.

"मी उद्यापासून घरीच थांबते," त्या म्हणाल्या.

"का?"

"का काय? माझ्यामुळे आज..."

"आई, मला वाचता येतं?" सुनेने विचारलं.

"येतं की."

"तुम्हाला येतं?"

"नाही."

"मग मला येत असून मी वाचलं नाही. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता म्हणून. बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, दुसऱ्याने दिलेला फ्यूज वाचल्याशिवाय घालायचा नाही. बाबांच्या डब्यावर विश्वास ठेवला. आता सांगा, चूक कोणाची मोठी?" तिने फ्यूजचा डबा उचलला आणि टेबलावर एक जुनी चादर पसरून सगळा त्यावर ओतला. माई दचकल्या. सगळ्या नळ्या परत एकत्र. "बसा. भिंग घ्या. आज एकच अक्षर. हा बघा, उभा खांब आणि वर आडवी पट्टी. हा टी. हा संथ."

माईंनी भिंग धरलं. जवळ नेलं, लांब नेलं. अक्षर नाचत होतं. मग थांबलं.

"खांब. वर पट्टी," त्या म्हणाल्या.

"आणि हा? खांब आहे, पण दोन पट्ट्या एकाच बाजूला. हा एफ. तापट."

"म्हणजे तुझे सासरे."

"बरं!" खुर्चीतून तात्या म्हणाले, आणि सून इतकी हसली की तिला भिंग खाली ठेवावं लागलं.

अंधार पडायच्या आत टी आणि एफ वेगळे झाले. दुसऱ्या दिवशी आकडे. नोटांवरचे आणि घड्याळावरचे आकडे माईंना ओळखीचे होतेच, फक्त इतके बारीक कधी पाहिले नव्हते. पंधरवड्यात डबा पूर्ण लागला, या वेळी खराच. मग तात्यांच्या हातच्या कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या आल्या आणि त्यांच्यामागून अ आणि क आणि म. जगातले लोक अ पासून सुरुवात करतात. माईंनी टी पासून केली. सहा महिन्यांनी त्या औषधांच्या पाकिटावरचं नाव वाचत होत्या, वर्षाने वर्तमानपत्रातले मोठे मथळे, आणि कुणी ऐको न ऐको, मोठ्याने.

दुकानात नवी रीत पडली. देणाऱ्याने मोठ्याने बोलून द्यायचं, घेणाऱ्याने भिंगाखाली वाचून घ्यायचं. "तीन, संथ," माई म्हणायच्या. "तीन, संथ," सून वाचायची, आणि मगच नळी आत जायची. बाहेर कितीही टेम्पो भोंगे वाजवोत. भिंतीवर सुनेने एका छोट्या चौकटीत दोन वस्तू लावल्या. गोळीचा वर्ख आणि पंधराचा फ्यूज. कुणी विचारलं तर म्हणायची, "एक गिऱ्हाइकाचं, एक आमचं." घड्याळसाहेब जेव्हा जेव्हा यायचा, तेव्हा त्या चौकटीकडे पाहून घसा खाकरायचा. केंद्राचा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज सुनेने बदलून दिला, ते यंत्र अजून चालतं. तात्यांची खुर्ची केंद्रवाल्यांनी कपाटापासून हलवली नाही. उलट वायरीजवळ एक ठळक बटण बसवलं, तात्यांच्या डाव्या हाताला लागेल असं. "आजोबांना वाटलं तर बंद," घड्याळसाहेबाने सगळ्यांना बजावलं होतं. तात्यांनी ते पुढे दोनदाच दाबलं, आणि दोन्ही वेळा फक्त एक रडकं गाणं थांबवायला.

सुनेने ही गोष्ट कधी नवऱ्याला सांगितली नाही, नणंदेला सांगितली नाही. भांडणात लोक जुनं काढतात. या दोघींतही भांडणं झाली, चांगली कडाक्याची, मिठावरून, पंख्यावरून, एकदा तर स्टुलाच्या पुठ्ठ्यावरून. पण तो रविवार तिच्या तोंडून कधी आला नाही. माई मनात त्याची वाट पाहायच्या. तीन वर्षं पाहिली. नंतर पाहायचं सोडलं. पण एक मात्र त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की सुनेच्या टेबलावरचं भिंग मऊ कापडाने पुसून, ती बसते त्या जागी ठेवायचं. सून म्हणायची, "अहो, मी पुसते ना." माई म्हणायच्या, "राहू दे."

शेवटच्या वर्षात तात्यांना केंद्रात नेणं झेपेना, तेव्हा त्यांची खुर्ची दुकानातच आणली. दुपारी काम नसलं की माई त्यांच्याजवळ स्टूल ओढायच्या, डब्यातली एक नळी काढून भिंगाखाली धरायच्या आणि वाचून दाखवायच्या. "पाच. तापट. अडीचशे व्होल्ट." तात्या डोळे मिटून ऐकायचे. "बरं," म्हणायचे, अगदी खालच्या आवाजात. मग माई पुढची काढायच्या.

एका मंगळवारी दुकानाच्या बंद दारावर पुठ्ठ्याचा तुकडा लावलेला होता. मुलगा आणि सून कागदपत्रांसाठी धावत होते, म्हणून तो माईंनी एकटीने लिहिला होता. अक्षर मोठं, ओळ उजवीकडे खाली उतरत गेलेली. एक शब्द खोडून परत लिहिलेला. त्यावर होतं:

दुकान चार दिवस बंद आहे. आमचे तात्या आज, नऊ फेब्रुवारीला, सकाळी सव्वासहाला घरी वारले.